डीह्युमिडिफायर घेण्याआधी घरातली ओल कुठली ते बघा

हवेतली ओल ओढून तिचं पाणी टाकीत साठवणारं हे मशीन चांगलं आहे. पण तळमजल्यावर राहणाऱ्यांनी पूर्ण वाचा, मगच पैसे घाला.

आमचं घर कोल्हापुरात, शाहूपुरीत कुंभार गल्लीत, जुनं, जाड भिंतींचं. २०१९ आणि २०२१, दोन्ही महापुरांचं पाणी या भिंतींत मुरलंय. पाऊस लागला की मागच्या खोलीत कुबट वास, गाद्या गार, चपलांवर पांढरी बुरशी आणि कपाटामागे हात घातला तर बोटांना काळी पूड. याच खोलीत सासूबाई झोपतात. त्यांना दमा आहे. पावसाळाभर पहाटे खोकल्याची उबळ यायची, पंप कायम उशाशी. डॉक्टर म्हणाले, औषध चालू ठेवा, पण आधी खोली कोरडी करा. बुरशीचे कण श्वासातून आत जातात आणि दमा उसळतो.

मी दिवसाला १२ लिटरचं, कॉम्प्रेसरवालं मशीन घेतलं. हा १२ चा आकडा साधारण ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेला असतो. आपल्याकडे आषाढात हवा दमट असते तशी गारही, त्यामुळे टाकीत त्याहून कमीच पाणी पडतं. तो मशीनचा दोष नाही. पाऊण लिटर टाकीची, कॉम्प्रेसर नसलेली छोटी मशीनं स्वस्तात मिळतात, ती कपाटापुरती ठीक. खोलीला पुरत नाहीत.

दारं-खिडक्या लावूनच चालवा, नाहीतर बाहेरची दमट हवा आत येतच राहते. सोबत आर्द्रतेचं छोटं मीटर जरूर घ्या. आमच्याकडे काटा ८५ च्या आसपास असायचा, आता ५५ ला येतो. ६० च्या खाली राहिला की बुरशीला वाढायला फारसा वाव राहत नाही. मशीन २५० वॅटचं, म्हणजे चार तासांना एक युनिट. खोली जरा गरम होते आणि घरघर बरीच आहे. "बंद कर की गं ते, झोप लागंना," असं सासूबाई म्हणतात, म्हणून मी संध्याकाळीच चालवून घेते. टाकी भरली की आपोआप बंद पडतं, ही सोय मोठी.

जमिनीतून चढणाऱ्या ओलीपुढे मात्र हे काही करू शकत नाही. आमच्या भिंतीला गुडघ्यापर्यंत लोणा, म्हणजे ओलीने वर येणारा पांढरा खार, लागला होता. दुकानदाराच्या सांगण्यावरून बुरशीरोधक रंग दिला, तर पुढच्याच पावसाळ्यात त्याचे पोपडे सुटले. शेवटी मिस्त्रींनी गिलावा विटेपर्यंत उतरवला, भिंत उन्हाळाभर उघडी ठेवून वाळवली, फुटकी पन्हाळ बदलली आणि मगच नवा गिलावा केला. हे काम आधी, मशीन नंतर.

असलेली बुरशी मशीनने जात नाही, ती पुसावीच लागते. कोरड्या झाडूने झाडू नका, कण घरभर उडतात. मास्क लावून साबणाच्या पाण्याने, ओल्या फडक्याने पुसा आणि दम्याच्या माणसाला तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत बसवा. ब्लीच आणि संडास धुवायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

सासूबाईंचं औषध बंद झालेलं नाही, होणारही नाही. पण यंदा श्रावणात त्या बऱ्याच रात्री सलग झोपल्या, आणि माझ्यासाठी पैसे तिथेच वसूल झाले.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो आवाजासाठी.