फाउलर बेड, हवेची गादी आणि ऑक्सिजनचं मशीन : आत्यासोबतचे सात महिने

भाड्याने सामान देणाऱ्याचा फोनवरचा पहिला प्रश्न होता, "साधारण किती महिन्यांसाठी पाहिजे?" मी हॉस्पिटलच्या जिन्यात उभा होतो. वर आत्या, वय ८१, अकरा दिवस आयसीयूत काढून नुकतीच वॉर्डात आली होती. काय उत्तर देणार? तीन महिन्यांचं भाडं एकदम भरलं तर सूट होती, तरी मी एकाच महिन्याचे पैसे भरले. पुढे दर महिन्याच्या ६ तारखेला त्याचा मेसेज यायचा, "रिन्यू करायचं का?" सहा वेळा मी "हो" लिहिलं.

आत्याने लग्न केलं नाही. शाळेत शिकवलं, निवृत्त झाली आणि आमच्याकडे ठाण्याला, नौपाड्यात राहायला आली. आयुष्यात विडी-सिगारेटचा संबंध नाही, आणि तरीही सीओपीडी, म्हणजे श्वास अडवणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार. डॉक्टरांनी विचारलं, लहानपणी चूल होती का? होती तर. संगमेश्वरकडच्या घरात वयाच्या दहाव्या वर्षापासून ओल्या लाकडांवर फुंकणीने फुंकत स्वयंपाक केलेला. तो धूर सत्तर वर्षांनी असा बाहेर आला.

आधी पैशांचं सांगतो, कारण सगळे तेच विचारतात. दोन हँडलचा फाउलर बेड महिना ३,००० रुपये, पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर महिना ५,५००, दोन्हींचं मिळून डिपॉझिट १५,०००. हवेची गादी विकत घेतली, २,८०० ला. ती वापरलेली कुणाची घेऊ नये असं माझं मत. सात महिन्यांचं भाडं ५९,५०० झालं. एवढ्यात थोडी भर घातली असती तर दोन्ही वस्तू नव्या आल्या असत्या. तरीही मी भाड्यानेच घ्या म्हणेन. कारण पुढे येईल.

बेड मागवण्याआधी दोन गोष्टी मोजा: जिना आणि खोलीचं दार. आमची इमारत जुनी, लिफ्ट नाही, घर दुसऱ्या मजल्यावर. बेड सुट्ट्या भागांत येतो, त्यामुळे जिन्याचा प्रश्न आला नाही. पण दार अडीच फुटांचं आणि बेड तीन फुटांचा. खोलीत जोडला तो खोलीतच राहिला. चाकांचा उपयोग फक्त खालची फरशी पुसायला. आत्या मात्र सुट्ट्या भागांत येऊ शकत नव्हती, तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून आम्ही चौघांनी वर आणली. प्रत्येक वळणावर ती म्हणायची, "दमलात तर ठेवा रे खाली, मला काही घाई नाही."

बेड उत्तम. एका हँडलने पाठ वर येते, दुसऱ्याने गुडघे. सपाट झोपलं की तिला दम लागायचा, त्यामुळे पाठ कायम उचललेली. पण नुसती पाठ उचलली की माणूस हळूहळू पायाकडे घसरतो आणि माकडहाडाची कातडी ओढली जाते. म्हणून आधी गुडघे थोडे वर घ्यायचे, मग पाठ. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, मावशींनी दाखवलं. मावशी म्हणजे आत्याला सांभाळायला ब्युरोतून आलेल्या, दिवसा बारा तास. या सगळ्या व्यवहारात पैसे खऱ्या अर्थाने कुठे वसूल झाले असतील तर ते त्यांच्या पगारात.

गादीबद्दल एक गैरसमज आधी काढून टाका. तिच्यातले कप्पे आलटून पालटून फुगतात आणि उतरतात, त्यामुळे एकाच जागी सतत दाब राहत नाही. हे खरं. पण आम्ही त्याचा अर्थ 'आता कूस बदलायला नको' असा घेतला. रात्री दर दोन तासांनी उठायचं ते बंद केलं. तिसऱ्या आठवड्यात माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग. ड्रेसिंगला आलेल्या सिस्टरने त्यावर बोट दाबून उचललं. डाग पांढरा झाला नाही, लालच राहिला. "ही बेडसोरची पहिली पायरी," त्या म्हणाल्या, आणि आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला अजून आठवते. त्या दिवसापासून मोबाइलवर गजर: बारा, दोन, चार, सहा. डाग बारा दिवसांनी गेला. गादीवर फक्त एक पातळ चादर घाला, गोधडी नको. कमरेखाली गादीच्या तळाशी हात सरकवून बघा. हात आणि शरीर यांच्यात इंचभर हवा लागली पाहिजे. आणि साडीची पिन! पहिली गादी भेटायला आलेल्या बाईंच्या पदराच्या पिनने फुटली.

आत्याला गादी आवडली. "होडीत निजल्यासारखं वाटतं," म्हणायची.

आता मशीन, म्हणजे तो कॉन्सन्ट्रेटर. यात सिलिंडर नसतो, ते खोलीतलीच हवा घेतं, नायट्रोजन अडकवतं आणि नव्वद टक्क्यांच्या पुढचा ऑक्सिजन नळीतून देतं. म्हणजे रिफिलची धावपळ नाही, पण विजेवर सगळा भार. दिवसाला किमान पंधरा तास लावा असं सांगितलं होतं, आमच्याकडे जवळजवळ चोवीस तास चालायचं. महिन्याला अडीचशेच्या आसपास युनिट जास्त पडले. आवाज जुन्या फ्रीजसारखा, वर खोली तापते. भिंतीपासून फूटभर लांब ठेवा, फिल्टर दर आठवड्याला धुवा. पुढे पाण्याची बाटली असते, ऑक्सिजन तिच्यातून बुडबुडत येतो म्हणून नाक कोरडं पडत नाही. त्यात डिस्टिल्ड वॉटरच घालायचं. रोज सकाळी आत्या विचारायची, "माझा हुक्का भरलास का?" तरी नाक थोडं कोरडं व्हायचंच. ती खोबरेल तेलाचं बोट मागायची. द्यायचं नाही. ऑक्सिजनजवळ तेलकट काही नको, पाण्याचं जेल मिळतं ते लावा.

सगळ्यात मोठी चूक मात्र मी केली. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर ८९ दाखवत होतं. कोविडपासून डोक्यात ९५ बसलेलं. मी घाबरून मशीनचा फ्लो मिनिटाला दोन लिटरचा चार केला. आकडा ९७ झाला, मला बरं वाटलं. तासाभरात आत्या पेंगायला लागली, हाक मारली की नुसती हूं करायची. फोन केल्यावर फॅमिली डॉक्टर ओरडलेच. सीओपीडीत रुग्णाला बहुधा ८८ ते ९२ मध्येच ठेवतात. जास्त ऑक्सिजन दिला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो आणि माणूस गुंगीत जातो. हे डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेलं होतं, तिसऱ्या पानावर, बारीक अक्षरात. मी मशीनवर स्केचपेनने मोठं लिहून ठेवलं: २. हात लावू नये.

वीज गेली की मशीन कर्कश ओरडतं. त्यासाठी इन्व्हर्टर घेतला, प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखाच प्रवाह देणारा. साडेतीनशे वॅटच्या या मशीनला तो तीन-चार तास पुरतो. शिवाय कोपऱ्यात ऑक्सिजनचा एक बी टाइप सिलिंडर. दोनच्या फ्लोवर तो बारा तास जातो. तो खरा कामाला आला ऑगस्टमध्ये, मशीनचा पिवळा दिवा लागला तेव्हा. दिवा म्हणजे ऑक्सिजनची शुद्धता घसरली. भाडेवाल्याने "आज संध्याकाळी बदलून देतो" म्हणत दोन दिवस लावले. बाहेर धो धो पाऊस, मी स्कूटरवर पुढे सिलिंडर ठेवून रिफिलला. त्या दोन दिवसांत मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही. पण बदललेलं मशीन आलं, एक रुपया न घेता. विकत घेतलेलं बिघडलं असतं तर मी कुठे गेलो असतो? म्हणून भाड्याने.

गणपतीत वेगळीच अडचण. ऑक्सिजनच्या खोलीत ज्योत नाही, उदबत्ती तर नाहीच. गणपती बाहेरच्या खोलीत, बेड दारातून निघत नाही, आणि आत्याला आरती बघायची. शेवटी बायकोने कपाटाचं आरशाचं दार तिरकं उघडून मध्ये पुस्तक अडकवलं. आत्याने बराच वेळ निरखून पाहिलं आणि नळीतून दम खात म्हणाली, "अगं, यंदा उजव्या सोंडेचा आणलात? फार कडक असतो तो. सोवळं पाळा हो." आरशात डावी सोंड उजवी दिसत होती. तिला ते कळलं होतं की नाही, यावर आमच्या घरात अजून दोन मतं आहेत.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा सहा दिवस हॉस्पिटल. बायपॅपच्या, म्हणजे दाबाने श्वास देणाऱ्या मशीनच्या मास्कने नाकाच्या हाडावर जखम झाली. घरी आल्यावर तिने डॉक्टरांना आमच्यासमोर सांगितलं, "आता परत नेऊ नका. आणि ते मशीन घशात घालायचं नाही." म्हणजे व्हेंटिलेटरची नळी. डॉक्टरांनी तिच्या कागदावर तसं लिहून घेतलं. जिवंतपणीच असं इच्छापत्र करून ठेवता येतं, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते मान्य केलं आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. हे आम्हाला उशिरा कळलं. तुमच्याकडे वेळ असेल तर करून ठेवा.

डिसेंबरच्या १४ तारखेला पहाटे चारचा गजर झाला. मी कूस बदलायला गेलो. खांद्याखाली हात घातला आणि समजलं. मशीन चालूच होतं, बाटली बुडबुडत होती. मला ते बंद करायचं सुचलं नाही. आठला मावशी आल्या, त्यांनी नाकातली नळी काढली, केस सारखे केले, मग बटण दाबलं.

एक व्यवहाराची गोष्ट. घरी मृत्यू झाला की तपासणाऱ्या डॉक्टरांचं मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र लागतं, नमुना ४अ. हॉस्पिटलमधल्या मृत्यूचा नमुना वेगळा. आमचे डॉक्टर नियमित येत असल्याने ते सकाळीच मिळालं आणि जवाहरबागेच्या स्मशानात काही अडलं नाही. जे डॉक्टर घरी येतात त्यांच्याशी हे आधीच बोलून ठेवा, बोलायला कितीही जड गेलं तरी. नोंदणी २१ दिवसांत.

तेराव्यानंतर सामान न्यायला माणसं आली. बेड वीस मिनिटांत सुटा झाला. साइड रेलिंगची एक खीळ सापडली नाही, त्याचे डिपॉझिटमधून १,२०० कापले. खिळीचे १,२००! भांडायची ताकद नव्हती. बाकीचे चौथ्या दिवशी परत आले. एकूण सामानाला पाचपैकी साडेतीन, मावशींना पाचपैकी पाच.

डायपरचं न उघडलेलं पाकीट मावशी त्यांच्या पुढच्या कामावर घेऊन गेल्या. डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन अर्धा उरला होता. महिनाभर तो बाल्कनीत तसाच होता. परवा इन्व्हर्टरचा लाल दिवा लागला, बॅटरीतलं पाणी कमी झालेलं. तेच पाणी त्यात ओतलं.