इंटरनेटविना शाळेतला ज्ञानकोश: तळहाताएवढ्या सर्व्हरचा दहा महिन्यांचा अनुभव

गेल्या जूनमध्ये, शाळा उघडण्याच्या चार दिवस आधी, मी वर्गातल्या लोखंडी कपाटावर तळहाताएवढा एक संगणक ठेवला आणि तेव्हापासून आजपर्यंत तो जवळपास रोज वापरात आहे. भोर तालुक्याच्या डोंगराळ भागातली आमची जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंतची असून पट ४३ चा आहे आणि आम्ही तिघे शिक्षक आहोत. मोबाइलची रेंज पाण्याच्या टाकीजवळ उभे राहिल्यावर येते, वर्गात येत नाही. लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही आमच्याकडे होता आणि एका देणगीदाराने दिलेले आठ टॅबही होते. मात्र त्या टॅबमधले बहुतेक सगळे काही इंटरनेट असेल तरच उघडत असल्याने ते वर्षातले दहा महिने कुलपात असत. ही परिस्थिती फक्त आमची नाही. म्हणूनच अशाच गावांत शिकवणाऱ्या सहकाऱ्यांसाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

वस्तू कोणती ते आधी सांगते. रास्पबेरी पाय ४ या नावाचा हा एकाच पाटीवरचा संगणक मी ४ जीबी मेमरीचा घेतला. त्याला स्वतःचा पडदा नाही, कळफलक नाही आणि हार्ड डिस्कही नाही. सगळे साहित्य १२८ जीबीच्या मेमरी कार्डावर राहते. त्यावर किविक्स नावाची मोफत प्रणाली बसवली. किविक्स २००७ पासून उपलब्ध आहे आणि संपूर्ण विकिपीडिया एका दाबून लहान केलेल्या फाइलमध्ये साठवून इंटरनेटशिवाय वाचता येईल अशी सोय करते. हा संगणक स्वतःचेच एक वायफाय सोडतो, टॅब त्याला जोडले जातात आणि ब्राउझरमध्ये ठरलेला पत्ता टाकला की आमचे मुखपृष्ठ उघडते. संगणक, कार्ड, डबी, चार्जर आणि एक मोठी पॉवर बँक मिळून मला ११ हजारांच्या आत खर्च आला. मांडणी करायला अभियांत्रिकी शिकणारा भाचा दोन संध्याकाळी सोबत बसला. ज्यांना लिनक्सची, म्हणजे असा संगणक ज्यावर चालतो त्या मूळ प्रणालीची, अजिबात ओळख नाही त्यांनी असा कोणीतरी माणूस गाठूनच हे काम हाती घ्यावे.

पहिल्या महिन्यात मुलांनी मला जे शिकवले त्याची मला कल्पना नव्हती. माझा समज असा होता की मुले चित्रे पाहतील आणि फार तर किल्ल्यांची नावे शोधतील. प्रत्यक्षात पहिली अडचण शोधचौकटीत आली. पाचवीच्या एका मुलाने ‘शिवनेरि’ असे लिहिले आणि समोर काहीच आले नाही. त्याने दोनदा पुन्हा लिहिले, टॅब हलवून पाहिला आणि मग शेजारच्या मुलीने न बोलता त्याच्या हातातून टॅब घेऊन शेवटच्या वेलांटीची दिशा बदलली. पान उघडले. इतकी वर्षे मी लाल शाईने ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करत आले आहे, पण त्या दुरुस्तीचे कारण मुलांना इतके स्पष्ट कधी दिसले नव्हते. आता मुले शब्द टाकण्यापूर्वी एकमेकांना विचारतात आणि भिंतीवर टांगलेल्या शब्दकोशाचा वापर पूर्वीपेक्षा कितीतरी वाढला आहे. याच ठिकाणी यंत्राचा एक दोषही सांगायला हवा. ‘दऱ्या’, ‘पायऱ्या’ यांसारख्या शब्दांतला अर्धा र संगणकात दोन वेगवेगळ्या पद्धतींनी साठवला जातो, त्यामुळे डोळ्यांना अचूक दिसणारा शब्दही कधी कधी सापडत नाही. मुलाचे काही चुकलेले नसताना त्याला चुकल्यासारखे वाटते, आणि तेव्हा शिक्षकाने जवळ असणे फार गरजेचे असते.

सर्वांत जास्त उपयोग मला विज्ञानात झाला. कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ साली सुरू केलेल्या फेट या प्रकल्पाची संवादी प्रात्यक्षिके मोफत असतात, त्यांतली कितीतरी मराठीत आहेत आणि प्रत्येक प्रात्यक्षिक एकेका फाइलच्या रूपात उतरवून घेता येते. सातवीला स्थितिक विद्युत आहे. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस आठ-आठ दिवस उघडत नाही, कपडे वाळत नाहीत आणि वर्गाच्या भिंतींना ओल येते. अशा दिवसांत कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलण्याचा प्रयोग हमखास फसतो, कारण दमट हवेत घासलेल्या वस्तूवरचा प्रभार टिकत नाही. दरवर्षी मी हा प्रयोग तोंडी सांगून पुढे जात असे. यंदा टीव्हीवर फुगा आणि स्वेटर यांचे प्रात्यक्षिक लावले. फुगा स्वेटरवर घासला की स्वेटरवरची उणे चिन्हे एकेक करून फुग्यावर जाताना दिसतात, अधिक चिन्हे मात्र जागची हलत नाहीत. नंतर तोच फुगा भिंतीजवळ नेला की भिंतीतले ऋणप्रभार मागे सरकतात आणि फुगा भिंतीला चिकटतो. एका मुलीने पडद्यावर बोट ठेवून स्वेटरवर उरलेली उणे चिन्हे मोजली आणि विचारले, “बाई, फक्त उणेच जातात, मग अधिक स्वेटरला शिवलेले असतात का?” पाठ्यपुस्तकातल्या एका वाक्यावरून हा प्रश्न माझ्या वर्गात कधी आला नव्हता, आणि अणूच्या केंद्रकाविषयी त्या दिवशी जे बोलणे झाले ते त्या प्रश्नामुळेच झाले.

पण मी तिथेच थांबले असते तर मुलांवर अन्याय झाला असता. पडद्यावरचा फुगा प्रत्येक वेळी चिकटतो. खरा फुगा तसा वागत नाही. जानेवारीत हवा कोरडी झाल्यावर आम्ही तोच प्रयोग कंगवा, लोकरीची टोपी आणि खऱ्या फुग्याने केला. काहींचे कपटे उडाले, काहींचे उडाले नाहीत. तेल लावलेल्या केसांवर कंगव्याचा प्रयोग होईना, म्हणून दुसऱ्या दिवशी तीन मुले केस धुऊन आली. प्रात्यक्षिकात जे आधी पाहिले होते त्याच्या आधाराने मुले आता न झालेल्या प्रयोगाचेही कारण शोधत होती. माझे मत असे झाले आहे की पडद्यावरचे प्रात्यक्षिक हाताच्या प्रयोगाआधी किंवा नंतर दाखवावे, त्याच्या जागी कधीही दाखवू नये.

धाकट्या वर्गांसाठी स्टोरीविव्हरवरची मराठी पुस्तके कार्डावर ठेवली आहेत. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेने २०१५ साली सुरू केलेल्या या संग्रहात वाचनाच्या चार पातळ्या आहेत आणि पुस्तके उतरवून घेऊन वाटण्याची मुक्त परवानगी आहे. दुसरी-तिसरीची मुले जोडीने वाचतात. याबद्दल तक्रार नाही, मात्र टॅबवरच्या पुस्तकापेक्षा छापून शिवलेले पुस्तक मुले जास्त वेळा परत मागतात, म्हणून त्यांतली पंधरा पुस्तके आम्ही छापूनही घेतली.

आता अडचणी. सप्टेंबरमध्ये वीज तीन वेळा जाऊन आली आणि चौथ्या वेळी संगणक सुरूच झाला नाही. मेमरी कार्डावर काही लिहिले जात असताना वीज गेली तर त्यावरची माहिती बिघडते. हे मी वाचले होते, पण गांभीर्याने घेतले नव्हते. सगळे साहित्य पुन्हा बसवायला अकरा दिवस गेले, कारण फाइली उतरवण्यासाठी मला भोरला जाऊन नातेवाइकांकडे राहावे लागले. तेव्हापासून दोन गोष्टी कटाक्षाने पाळते. संगणक थेट भिंतीतल्या सॉकेटला न जोडता पॉवर बँकेवरून चालवते आणि पूर्ण कार्डाची दुसरी प्रत करून ती शाळेबाहेर, माझ्या घरी ठेवते. ज्यांना हे यंत्र घ्यायचे आहे त्यांनी दुसऱ्या कार्डाचा खर्च पहिल्याच दिवशी धरावा. पॉवर बँक निवडतानाही घाई करू नये. या संगणकाला ५ व्होल्टवर ३ अँपिअरचा पुरवठा लागतो, आणि साध्या पॉवर बँकेवर तो मधूनच मंदावतो असा आमचा अनुभव आहे.

आणखी एक बारीक पण त्रासदायक गोष्ट म्हणजे या संगणकात बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. इंटरनेट नसल्याने त्याला खरी वेळ कळत नाही आणि बंद केल्यानंतर तो जिथे थांबला होता तिथूनच वेळ मोजू लागतो. मुलांनी कोणत्या दिवशी काय उघडले याची नोंद पाहावी म्हटले तर तारखा निरुपयोगी ठरतात. मी नोंद वहीत ठेवते. आठही टॅब एकाच वेळी विकिपीडिया वाचत असले तर काही अडत नाही, पण तीन-चार टॅबवर चित्रफिती सुरू केल्या की त्या अडखळतात, म्हणून चित्रफीत आम्ही टीव्हीवरच पाहतो.

मूळ प्रश्न मात्र यंत्राचा नाही, त्यात भरायच्या मराठी मजकुराचा आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. आज त्यातील लेखांची संख्या लाखाच्या आसपास आहे आणि इंग्रजीतली ६० लाखांहून अधिक आहे. इंग्रजीची सचित्र प्रत शंभर जीबीच्या घरात जाते, मराठीची प्रत एका साध्या पेनड्राइव्हवर मावते. हा फरक आकड्यांत वाचणे वेगळे आणि सातवीतल्या मुलाने आठवडाभर शोधून पान दोन ओळींचे निघाल्यावर त्याचा चेहरा पाहणे वेगळे. त्यातही आमची प्रत ज्या दिवशी उतरवली त्या दिवसावर थांबलेली आहे, म्हणून मुखपृष्ठावर ती तारीख ठळक अक्षरांत लिहून ठेवली आहे आणि मुलांना ती आधी वाचायला लावते.

ऑक्टोबरमध्ये मुलांनी आपल्या गावाचे पान उघडले. तालुका, क्षेत्रफळ, २०११ च्या जनगणनेतली कुटुंबे आणि लोकसंख्या, गावात कोणती शाळा आहे आणि दवाखाना किती दूर आहे, एवढी माहिती होती. देवराईचा उल्लेख नव्हता, यात्रेचा नव्हता, धरणाच्या पाण्यात गेलेल्या जुन्या शेतांचाही नव्हता. मुलांनी आग्रह धरला की हे आपण लिहू. मग मला त्यांना समजावून सांगावे लागले की विकिपीडियावर लिहायचे तर प्रकाशित झालेला, पडताळता येईल असा संदर्भ लागतो आणि एखाद्याने स्वतः ऐकलेली गोष्ट तिथे पुरावा म्हणून चालत नाही. सहावीतल्या मुलाने लगेच विचारले, “म्हणजे माझ्या आजीने सांगितलेले खोटे धरायचे का?” खोटे नव्हे, पण तिथे बसणारे नाही, हे पटवून द्यायला पूर्ण तास गेला आणि तो तास मी वर्षातल्या चांगल्या तासांमध्ये धरते, कारण ज्ञानकोशातले प्रत्येक वाक्य कोणीतरी, कशाच्या तरी आधारावर लिहिलेले असते हे मुलांना त्या दिवशी उमगले. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालाने तंत्रज्ञान कोणाच्या अटींवर वापरायचे हा प्रश्न समोर ठेवला होता. आमच्या या संगणकावर जाहिरात नाही, कोणाचे खाते नाही, मुलांची माहिती कुठे जात नाही आणि काय ठेवायचे ते आम्ही ठरवतो, म्हणून त्या प्रश्नाचे थोडे तरी उत्तर आम्हाला देता आले.

मुलांच्या नोंदी वाया जाऊ द्यायच्या नव्हत्या, म्हणून संगणकाच्याच मुखपृष्ठावर विकिपीडियाच्या शेजारी ‘आमचे गाव’ नावाचा वेगळा विभाग केला. त्यात आज अकरा पाने आहेत आणि प्रत्येक पानाखाली माहिती कोणाकडून, कोणत्या महिन्यात मिळाली ते लिहिले आहे. भाताच्या आवणीचे पान सर्वांत मोठे आहे.

कपाटाला सुतळीने एक वही बांधली आहे. शोधून न सापडलेला शब्द मुले त्यात लिहितात. मार्चअखेर वहीत ६४ शब्द झाले, पहिल्या पानावर ‘इरले’ आहे आणि शेवटचा शब्द ‘भलरी’ आहे. मे महिन्यात भोरला जाऊन विकिपीडियाची नवी प्रत उतरवायची आहे, तेव्हा ही वही सोबत नेणार आहे. नव्या प्रतीत यांतले जे शब्द सापडतील त्यांवर खूण करायची आणि उरलेले जूनमध्ये सहावी-सातवीत वाटून द्यायचे, असे मुलांशी ठरले आहे.