सिंटॅक्स ठरवताना जीएनयू बायसन: कॉन्फ्लिक्ट दाखवण्यात उत्तम, एरर संदेशांत कमी

नव्या प्रोग्रामिंग भाषेचं ग्रामर (रचनेचे नियम) कागदावर नेहमीच सुटसुटीत दिसतं. त्यातल्या संदिग्ध जागा उशिरा सापडतात, तोवर लोकांनी त्या भाषेत कोड लिहिलेला असतो. बायसन, म्हणजे ग्रामरवरून पार्सर (कोड वाचून त्याची रचना ओळखणारा प्रोग्राम) बनवणारं साधन, त्या आधीच पकडतं. एवढ्यासाठी तरी ते वापराच.

दोन इफ एकात एक आणि शेवटी एकच एल्स, तर तो कुठल्या इफचा? बायसन शिफ्ट-रिड्यूस कॉन्फ्लिक्टची (पुढचं टोकन, म्हणजे शब्द किंवा चिन्ह, घ्यायचं की आतापर्यंतच्या टोकनांवर नियम पूर्ण करायचा, हा पेच) वॉर्निंग देतं आणि शिफ्ट धरतं, म्हणजे एल्स जवळच्या इफला जातो. ३.७ आवृत्तीत (२०२०) काउंटरएग्झाम्पल्सची सोय आली. ती चालू केली की शक्य तिथे एकच टोकनक्रम कोणत्या दोन प्रकारे वाचला जातो ते छापून येतं, अडलेल्या जागी ठिपका. मॅकओएससोबतच्या २.३ मध्ये ही सोय नाही. होमब्रू या पॅकेज मॅनेजरमधून नवीन घ्या.

ऑपरेटरसाठी लेफ्ट (डावीकडून जोडा), राइट (उजवीकडून), नॉनअसोक (साखळी नको) या घोषणा आहेत. जी खाली, तिची प्रिसिडन्स (अग्रक्रम) जास्त. तुलनेची चिन्हं नॉनअसोकमध्ये ठेवा, म्हणजे 'अ < ब < क' ही चूक ठरेल. सीमध्ये ते कंपाइल होतं आणि 'अ < ब'चं ० किंवा १ हे उत्तर 'क'शी ताडलं जातं. मात्र घोषणा भराभर लावल्या तर कॉन्फ्लिक्ट गप्प होतात आणि अर्थ कोणी ठरवलेलाच नसतो. '-२**२' (** म्हणजे घात) पायथनमध्ये -४ आहे, जावास्क्रिप्टमध्ये सिंटॅक्स एरर. असा निर्णय विचार करूनच घ्यावा. म्हणून आधी ग्रामर घोषणांशिवाय चालवा, प्रत्येक कॉन्फ्लिक्ट वाचा, मग घोषणा लिहा. शेवटी एक्स्पेक्ट ० (एकही कॉन्फ्लिक्ट नको, ही घोषणा) टाका. पुढे कुणी नियम वाढवून कॉन्फ्लिक्ट आणला तर वॉर्निंगऐवजी एरर येईल.

ग्रामर ठीक असूनही कॉन्फ्लिक्ट येत असेल तर बायसनची मूळ एलएएलआर पद्धत पार्सरच्या स्टेट्स (अवस्था) एकत्र करते, हे कारण असू शकतं. गरजेच्या जागी त्या वेगळ्या ठेवणारी आयईएलआर पद्धत निवडून पाहा. सगळे शक्य अर्थ सोबत चालवून पाहणारी जीएलआर मात्र या टप्प्यावर नको: संदिग्धता मग थेट वापरणाऱ्याच्या फाइलवर उघडी पडते.

एरर संदेश ही कमकुवत बाजू. वेगळं काही सांगितलं नाही तर नुसतं 'सिंटॅक्स एरर' मिळतं; ३.६ पासून 'डिटेल्ड' पर्याय आहे, तरी रिकव्हरीचे (एररनंतर पुढचा कोड वाचत राहण्याचे) नियम लिहिणं किचकटच. जीसीसी या कंपायलरने सी++साठी ३.४ मध्ये आणि सीसाठी ४.१ मध्ये बायसन सोडून हाताने लिहिलेला पार्सर घेतला. तुम्हीही घ्या, पण बायसनची फाइल रेपोत ठेवा आणि सिंटॅक्स बदलाल तेव्हा आधी तिच्यात बदल करून बायसन चालवा.