वाऱ्याच्या रस्त्यासाठी चाकं: ५० मिमी की ३० मिमी?

रोड बाइकची चाकं बदलायची ठरवली की गाडी शेवटी रिमच्या उंचीवर, म्हणजे चाकाचं कडं टायरपासून आतल्या बाजूला किती खोल आहे यावर येऊन अडते. वारा नसेल तर निर्णय सोपा आहे. वारा रोजचाच असेल आणि त्यालाच कंटाळून तुम्ही नवी चाकं बघत असाल, तर मात्र जरा थांबून विचार करावा लागतो.

गेली चार वर्षं माझ्याकडे दोन्ही जोड्या आहेत, एक ५० मिमीची आणि एक ३० मिमीची. दोन्ही कार्बनच्या, दोन्हींवर २८ मिमी रुंदीचे टायर, फ्रेम एकच आणि रस्ताही बहुतेक वेळा तोच. वजनात फरक आहे, पण वारा सुटला की तो कुठल्या कुठे जातो, म्हणून त्यात शिरत नाही. पुढे जे लिहितोय ते वापरून आलेलं आहे. तुमचं वजन, तुमचा रस्ता आणि तुमचा वेग वेगळा असेल, तर निष्कर्षही थोडा वेगळा निघू शकतो.

आधी समोरचा वारा, कारण चिडचिड सगळ्यात जास्त त्याचीच होते. ताशी ३० किलोमीटरने चाललोय आणि समोरून २०चा वारा आहे, म्हणजे अंगावर येणारी हवा ५०ची. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. त्यामुळे तोच ३०चा वेग टिकवायचा तर हवा कापायला लागणारी ताकद जवळजवळ पावणेतीन पट होते. एवढी ताकद कुणी राखून ठेवलेली नसते, म्हणून वेग पडतो. परतताना तोच वारा पाठीशी असतो, पण त्याने भरपाई होत नाही. २० किलोमीटर ताशी २०ने गेलात तर एक तास, येताना ४०ने आलात तर अर्धा तास. सरासरी ३० तर सोडाच, २७सुद्धा भरत नाही. वाऱ्याच्या दिवशी आपण कमी पडलो असं वाटून मन खट्टू होतं, त्यातलं बरंचसं या साध्या गणितामुळे होतं. मी तर अशा दिवशी वेगाचा आकडा स्क्रीनवरून काढूनच टाकतो, एक गिअर हलका ठेवतो आणि श्वासाकडे लक्ष ठेवून चालवतो.

समोरच्या वाऱ्यात ५०ची चाकं मदत करतात, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. सरळ रस्ता, वारा समोरून किंवा किंचित तिरका, आणि तुम्ही ताशी ३५च्या आसपास असाल, तर चाक धावतं राहिल्यासारखं वाटतं. पेडल जरा ढिलं सोडलं तरी वेग लगेच गळत नाही. वारा थोडा बाजूने आला की उंच रिम शिडासारखी वागते आणि रोध आणखी कमी होतो. ३०च्या चाकांवर हे सुख नाही. तिथे पाय थांबला की सायकलही मंदावते. शांत हवेतल्या पहाटेच्या फेऱ्यांना मी अजूनही ५०चीच जोडी लावतो आणि ती लावताना आनंद होतो.

पण एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. एकूण हवेच्या रोधातला ७० ते ८० टक्के भाग आपल्या शरीराचा असतो. चाकांचा वाटा त्या मानाने लहान. माझा कल जिकडे झुकला त्याचं मूळ याच आकड्यात आहे. त्याकडे पुन्हा येतोच.

आता आडवा वारा. पुढच्या चाकावर बाजूने हवा आदळते तेव्हा ती सायकलला नुसती ढकलत नाही, हँडलही फिरवू बघते. रिम जितकी उंच तितका हवेला सापडणारा पृष्ठभाग मोठा. त्यात वारा एका कोनापलीकडे गेला की रिमला चिकटून वाहणारी हवा सुटते, दाबाचा बिंदू जागा बदलतो आणि हातात झटका बसतो. सारखा वाहणारा आडवा वारा त्यामानाने परवडतो. सायकल थोडी वाऱ्याच्या बाजूला कलती ठेवून आपण जात राहतो. जीव खातात ते झोत. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की बाजूचा दाब चौपट होतो, आणि झोत हे काम क्षणात करतो. भिंत संपते, झाडांची रांग तुटते, पूल सुरू होतो, बाजूने बस निघून जाते, अशा जागी वारा बंद दारामागे उभा असल्यासारखा असतो. म्हणून हवामानाच्या अंदाजात मी सरासरी वेगापेक्षा झोताचा आकडा आधी बघतो. तो अंदाज जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा असतो, त्यामुळे रस्त्यावर वारा सहसा थोडा कमी लागतो. तरीही सरासरी आणि झोत यांत मोठी तफावत दिसली, की हातांना काम पडणार हे नक्की.

हा त्रास फक्त हौशी लोकांचा नाही. २०१५च्या बेल्जियममधल्या गेंट-वेवेलगेम शर्यतीत वाऱ्याने जेरंट थॉमस या व्यावसायिक सायकलपटूला रस्त्यावरून उचलून कडेच्या चरात टाकलं होतं. तो उठला आणि तिसरा आला, ही त्याची जिद्द. पण त्या दिवशी शर्यत पूर्ण करू शकले ते फक्त ३९ जण. हवाईतल्या कोनाच्या आयर्नमॅन ट्रायथलॉन स्पर्धेत तर आडव्या वाऱ्यामुळे अनेक वर्षं मागचं डिस्क चाकसुद्धा, म्हणजे आरे नसलेलं पूर्ण बंद चाक, वर्ज्य होतं.

मला मात्र कधी चरात पडावं लागलं नाही. ५०च्या चाकांवर मी एकदाही पडलेलो नाही. माझा निर्णय झाला तो पाण्याच्या बाटलीमुळे.

तीन तासांची फेरी होती. मधला मोठा टप्पा बंधाऱ्यावरून जाणारा, दोन्ही बाजूंना मोकळं, वारा डावीकडून झोतांनी येणारा. घरी येऊन बाटल्या धुवायला काढल्या तर एक जेमतेम अर्धी संपलेली, आणि दुसरीचं बूच मी उघडलंच नव्हतं. तहान लागली नव्हती असं नाही, ओठ कोरडे पडले होते. मग आठवायला लागलो. त्या टप्प्यावर मी कितीतरी वेळा उजवा हात खाली नेला होता. बोटं बाटलीच्या बुचाला लागायची, तेवढ्यात पुढचं चाक हाताभर सरकायचं आणि हात आपोआप वर हँडलवर यायचा. एका हाताने हँडल धरायची हिंमतच होत नव्हती. शेवटच्या पाऊण तासात पाय जड झाले होते आणि दोष मी वाऱ्याला देत होतो. खरं तर तीन तासांत मी पुरेसं पाणीच प्यालो नव्हतो.

त्यानंतर मी लक्ष ठेवायला लागलो. वाऱ्याच्या दिवशी ५०ची चाकं लावून निघालो की एक बाटली हमखास भरलेली परत यायची. खिशातलं खाणंही तसंच परत यायचं, कारण मागच्या खिशात हात घालणं तर बाटलीपेक्षाही अवघड. ३०ची चाकं लावली की त्याच रस्त्यावर, तसल्याच वाऱ्यात दोन्ही बाटल्या रिकाम्या. सायकल ढकलली जायचीच, पण एका दिशेने आणि कळेल अशी. झटका नसायचा. याला कुणी मोजमाप म्हणणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण एकाच रस्त्यावर इतक्या वेळा तेच घडलं की मला तेवढं पुरेसं वाटतं.

बाटली ही फक्त खूण. तिच्यामागे हात आवळून धरलेले असतात. ५०च्या चाकांवर झोताची धास्ती असली की कोपर ताठ होतात, खांदे कानांकडे चढतात आणि नकळत आपण ड्रॉप्स (हँडलचा खालचा वाकलेला भाग) सोडून हूड्सवर (ब्रेकच्या वरच्या मुठींवर) येऊन सरळ बसतो. म्हणजे ज्या शरीराचा रोध ७० ते ८० टक्के आहे तेच शरीर आपण वाऱ्यासमोर उभं करतो, आणि चाकांनी वाचवलेलं सगळं तिथेच खर्ची पडतं. ३०च्या चाकांवर मी ड्रॉप्समध्ये, कोपर सैल ठेवून, नाक हँडलजवळ नेऊन बराच वेळ राहू शकतो. हँडलवर पकड हलकी राहिली की चाक आपलं आपण सावरतं. आवळलेल्या हातांनी मात्र प्रत्येक झोत थेट सायकलच्या चालीत उतरतो. वाऱ्याच्या दिवशी मी ३०वर जास्त वेगाने जातो असं माझं म्हणणं नाही. पण परत आल्यावर मान आखडलेली नसते, आणि शेवटचा तास पहिल्या तासासारखाच जातो.

इथे ५०ची बाजूही नीट मांडली पाहिजे. माझी जोडी थोडी जुनी आहे, तिच्या रिमचा आतला काठ निमुळता. हल्लीच्या रिम रुंद असतात आणि आतल्या बाजूला गोलसर, त्यामुळे झोतात त्या बऱ्याच शांत राहतात. एका मित्राची अशी नवी ५०ची जोडी मी दोन शनिवार-रविवार चालवली. फरक मोठा आहे, नाकारता येणार नाही. झटके जवळजवळ गेले होते. तरी मोकळ्या टप्प्यावर बाटलीकडे हात नेताना मी थबकत होतो. माझं वजन साठ किलोच्या आत आहे, त्याचाही यात भाग असेल. ऐंशी किलोच्या माणसाला हीच चाकं कदाचित अगदी निमूट वाटतील. शिवाय तुम्ही बहुतेक वेळा गटात चालवत असाल, शर्यतींत उतरत असाल किंवा तुमचा रस्ता झाडा-घरांच्या आडोशाने जात असेल, तर ५०ची जोडी घ्यायला माझी काही हरकत नाही. तिचा फायदा तुम्हाला रोज मिळेल आणि तिचा त्रास क्वचित होईल.

पुढे ३० आणि मागे ५०, हा मधला मार्ग मला उशिरा सुचला. मागच्या चाकावर आदळणारा वारा फ्रेमला ढकलतो, हँडल फिरवत नाही. त्यामुळे मागे उंच रिम असली तरी हातांना तिचा पत्ता लागत नाही. गेला पूर्ण वाऱ्याचा मोसम मी असंच चालवलं. समोरच्या वाऱ्यात ५०च्या जोडीचं धावतेपण थोडं मिळालं, आडव्या वाऱ्यात ३०चा निवांतपणा जवळजवळ पूर्ण. दिसायला विजोड दिसतं, हे खरं. मला त्याचं काही वाटत नाही, पण ज्यांना वाटतं त्यांना मी दोष देणार नाही. तुमच्याकडे ५०ची जोडी आधीच असेल आणि वाऱ्याने जीव नकोसा केला असेल, तर जोडी विकायच्या आधी फक्त पुढचं चाक बदलून बघा.

नव्याने एकच जोडी घेत असाल आणि तुमच्या रस्त्यावर वर्षातले निम्मे दिवस झोतांचा वारा असेल, तर मी ३०कडे झुकेन. पण माझ्या शब्दावर जाऊ नका. कुणाची तरी ५०ची चाकं एका सकाळपुरती मागून घ्या, आणि ती सकाळ मुद्दाम खराब वाऱ्याची निवडा. आडोसा संपून रस्ता मोकळा होतो तिथे पोहोचा, बाटली काढा, तीन-चार घोट सावकाश प्या आणि बाटली परत जागेवर ठेवा. हे न थबकता जमलं तर ५०ची चाकं बिनधास्त घ्या.