कापलेला गज: ठासणीची बंदूक घेताना झालेली फसवणूक

गेल्या डिसेंबरात इथे पेनसिल्व्हेनियात मी शिकारीसाठी ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची रायफल घेतली आणि साडेआठशे डॉलरला बुडालो. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण लिहायला बसलोय ते त्यासाठी नाही. ती बंदूक मी घरी आणली तेव्हा तिच्यात दारू आणि गोळी भरलेली होती, आणि विकणाऱ्याला ते ठाऊक होतं. माझ्या ओळखीतले तीन-चार मराठी लोक यंदा हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा कोर्स करून लायसन्स काढायच्या तयारीत आहेत. त्यांच्यापैकी एकाच्याही घरात असली बंदूक येऊ नये, म्हणून सगळं सविस्तर सांगतो.

मी कुडाळ तालुक्यातला. आमच्या आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. 1959 च्या शस्त्र कायद्यात पिकांच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीची वेगळी तरतूद आहे, आणि भातात रानडुकरं शिरायची त्या गावांत अशा परवान्याचं कुणाला नवल वाटत नसे. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा व्हायची, नंतर परत मिळायची. नळीवर नंबर ठोकलेला, तोच परवान्यावर. बंदूक हातात घेतली की आजोबा सगळ्यात आधी गज, म्हणजे दारू-गोळी ठासायची लांब काठी, नळीत सोडायचे, तोंडाशी अंगठा धरून बाहेर काढायचे आणि तसाच नळीला बाहेरून लावून बघायचे. रोजची बंदूक, रात्री स्वतःच रिकामी करून ठेवलेली, तरी प्रत्येक वेळी. म्हणायचे, "पयलो गज भितर घाल, मगे भायर लावन बघ." लहानपणी मला तो देवापुढे हात जोडण्यासारखा एक रिवाज वाटायचा.

इथे येऊन मला अठरा वर्षं झाली. भारतात 1972 च्या कायद्यानंतर शिकार बंदच, त्यामुळे तो विषय मनातून गेला होता. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याबरोबर दोन हंगाम हरणाच्या शिकारीला गेलो, आणि तिसऱ्या वर्षी ठरवलं की चकमकीची, म्हणजे गारेच्या दगडाने ठिणगी पाडून दारू पेटवणारी बंदूक घ्यायची. पेनसिल्व्हेनियात ख्रिसमस झाला की चकमकीच्या बंदुकीचा वेगळा हंगाम सुरू होतो, तो जानेवारीत जातो. 1974 पासून चालत आलाय. त्यात केपाची, म्हणजे घोडा आपटून फुटणाऱ्या छोट्या टोपीने पेटणारी बंदूक चालत नाही, दुर्बीण चालत नाही. चकमक, एकच नळी, नेम धरायला साधी माशी आणि नळीचं भोक किमान .44 कॅलिबरचं. बर्फात, माणसं पांगल्यावर, एकाच गोळीवर जंगलात उभं राहायचं. मला आजोबा आठवायचे, खोटं कशाला सांगू.

निवडीबद्दल थोडं सांगतो, कारण माझं अर्धवट ज्ञानच त्या माणसाच्या पथ्यावर पडलं. दुकानांत ज्या नव्या धर्तीच्या ठासणीच्या बंदुका, इनलाइन, मिळतात त्यांना मागून थेट प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी छोटी टिकली बसते. त्या ऑक्टोबरच्या हंगामात चालतात, पण ख्रिसमसनंतर नाही. केपाच्या बंदुकीचंही तेच. आजोबांची बंदूक केपाची होती आणि तिची नळी आतून गुळगुळीत, छर्ऱ्यासाठी. इथल्या रायफलच्या नळीत आटे, म्हणजे पीळदार खाचा असतात आणि त्यांचा पीळ बघूनच गोळी ठरते. चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोल गोळी मारायची तर पीळ सावकाश हवा, 66 इंचांत एक वेढा वगैरे. प्लास्टिकच्या टोपणातल्या लांब गोळीला 28 इंचांत एक वेढा लागतो. 48 इंचांत एक वेढा असलेली नळी या दोन्हींच्या मधली. विकणारा म्हणाला की या नळीतून काहीही मारा, सगळं चालतं. जो असं म्हणतो त्याला बंदुकीतलं कळत नाही, नाहीतर तुम्हाला कळत नाही हे त्याला कळलेलं असतं. हे मला आज उमगतंय.

डिसेंबरचा पहिला रविवार होता. लँकेस्टरच्या बाजूला एका शेताच्या आवारात जुन्यापान्या वस्तूंचा बाजार भरला होता. या भागात अठराव्या शतकात जर्मन आणि स्विस कारागिरांनी लांब नळीच्या रायफली घडवल्या, त्यामुळे इथे असली बंदूक दिसली की माणसाचा विश्वास चटकन बसतो. घोंगडीवर ती ठेवली होती. बेचाळीस इंचांची अष्टकोनी नळी, पितळेची पट्टी आणि मेपलच्या दस्त्यावर वाघाच्या अंगासारखे आडवे पट्टे. विकणारा साठी उलटलेला, मृदू बोलणारा. म्हणाला, चाळीस वर्षांपूर्वी इथल्याच एका कारागिराने हाताने बनवली, वीसेक बारसुद्धा झाले नसतील. मी भारतातला आहे आणि आजोबांकडे अशीच बंदूक होती हे मीच त्याला सांगितलं. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, मग तुम्हाला काय सांगायचं, तुम्हाला तर यातलं माहीतच आहे.

मी गज काढून नळीत सोडला. तो खाली टेकला आणि त्याचं टोक नळीच्या तोंडाशी बरोबर आलं. लांब बंदुकीचा गज नळीएवढाच असतो. नळी रिकामी असेल तर तो तोंडापर्यंत पोचतो आणि भरलेली असेल तर वर डोकावतो. हे मला माहीत होतं, म्हणून मी समाधानाने गज परत खोचला. घोडा ओढून ठिणगी बघू का विचारलं, तर त्याने हलकेच माझ्या हातावर हात ठेवला. नवी गार लावली आहे, उगाच झिजेल, घरी जाऊन निवांत बघा. नळीच्या तोंडाशी बोट घातलं तर जाड ग्रीस. म्हणाला, गंज लागू नये म्हणून मुद्दाम भरलंय. मला ते काळजीचं लक्षण वाटलं. कानावर, म्हणजे ठिणगी झेलणाऱ्या दारूच्या छोट्या वाटीशेजारी, रंजकदाणीशेजारी, नळीच्या तळाला असलेल्या भोकावर, काळं मेण बसलं होतं. तेही ओल लागू नये म्हणून, असं मी स्वतःच ठरवून टाकलं. त्याने हजार मागितले, मी आठशे पन्नास रोख दिले. एका चिठोऱ्यावर त्याने 'आहे तशी विकली' असं लिहून पहिलं नाव आणि फोन नंबर टाकला.

घरी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून बंदूक ठेवली. मुलगा बारा वर्षांचा. त्याने घोडा अर्धा मागे ओढून विचारलं, "बाबा, चाप ओढू?" मी नको म्हटलं. का म्हटलं ते मला नीट सांगता येणार नाही. आजोबा आम्हाला हात लावू देत नसत, एवढंच असेल. मग त्याला दाखवावं म्हणून मी गज नळीत सोडला, तोंडाशी अंगठा धरला, बाहेर काढला आणि आजोबा लावायचे तसा नळीच्या बाहेरून लावला. गजाचं खालचं टोक कानापाशी यायला हवं होतं. ते तीन बोटं अलीकडेच थांबलं.

मी पुन्हा घातला, पुन्हा लावला. तीन बोटंच. नळीच्या तळाशी दोन इंचांच्या आसपास काहीतरी बसलेलं होतं. मग गजाच्या टोकांकडे लक्ष गेलं. एका टोकाला पितळी टोपी होती आणि दुसरं टोक करवतीने कापलेलं होतं. कापावर तपकिरी रंग फासला होता, पण लाकडाचे ताजे तंतू बोटाला टोचत होते. नळीत जेवढं भरलेलं होतं तेवढाच गज कापला होता, म्हणजे भरलेल्या बंदुकीतही त्याचं टोक बरोबर तोंडाशी यावं. बाजारात मी आजोबांचं अर्धंच काम केलं होतं. आत घातला, पण बाहेर लावला नाही.

मुलाला खोलीत पाठवलं, नळी भिंतीकडे केली आणि गाडी काढली.

गावातला बंदूक दुरुस्त करणारा म्हातारा माणूस आहे. त्याने आधी नळीत तेल ओतून दोन दिवस तशीच उभी ठेवली, आतली दारू मरावी म्हणून. मग कानाच्या भोकात पेचाने बसवलेला तुकडा काढून तिथे ग्रीसची निपल बसवली आणि गाडीला वापरतात ती ग्रीस गन लावून दाबत राहिला. पंधरा-वीस मिनिटं काहीच झालं नाही. मग नळीच्या तोंडातून ग्रीसचा लोंढा यायला लागला आणि त्यामागोमाग ती गोळी हळूहळू सरकत बाहेर आली. त्याने ती पुसून माझ्या तळहातावर ठेवली. पुढच्या बाजूला शिशात दोन खोल भोकं होती, कडा फाटलेल्या. गोळी उपसायला गजाच्या टोकाला एक स्क्रू लावतात, त्याच्या त्या खुणा. कुणीतरी ती गोळी काढायचा प्रयत्न केला होता. दोनदा केला होता, जमला नाही, म्हणून गज कापला.

पुढचं झपाट्याने उलगडलं. काळ्या दारूत सोरा, गंधक आणि कोळसा असतो. बार झाल्यावर जे क्षार उरतात ते ओल ओढतात आणि गरम पाण्याने धुतले नाहीत तर पोलाद खातात. बार काढून नीट न धुताच पुन्हा भरलेली ही बंदूक बहुधा कित्येक वर्षं पडून होती. आत दिवा सोडल्यावर तळाशी देवीचे व्रण असावेत तसे खड्डे दिसले, आणि तेही नेमके जिथे स्फोटाचा सगळा दाब येतो तिथे. कानाचं भोक सोळांश इंचाच्या आसपास असायला हवं. त्यात काडेपेटीची अख्खी काडी जात होती. दस्त्यावर त्याने स्पिरिटचा बोळा फिरवला तर वाघाचे पट्टे बोळ्यावर आले. साध्या मेपलवर रंगवलेले होते. कारागिराची वगैरे काही नाही, किटमधून जोडलेली बंदूक. या नळीतून बार काढू नकोस, असं त्याने मला दोनदा बजावलं आणि साठ डॉलर घेतले. तेही तो घेत नव्हता, मीच दिले.

विकणाऱ्याला फोन केला तर पहिल्यांदा त्याने उचलला. मी भरलेल्या बंदुकीचं सांगितलं तेव्हा तो क्षणभर गप्प झाला, मग म्हणाला, आहे तशी विकली असं लिहून दिलंय. त्यानंतर माझा नंबर ब्लॉक. बाजार भरवणाऱ्यांकडे फक्त टेबलाच्या भाड्याची नोंद, तीही रोखीची. पोलिसांनी शांतपणे ऐकून घेतलं, तक्रार लिहून घेतली आणि पैशाचा वाद दिवाणी आहे म्हणाले. इथे छोटे दिवाणी दावे जिल्ह्याच्या मॅजिस्टेरियल जजपुढे लावता येतात, बारा हजार डॉलरपर्यंत. पण दावा लावायला समोरच्याचं पूर्ण नाव आणि पत्ता लागतो. माझ्याकडे चिठोऱ्यावरचं पहिलं नाव होतं, तेही खरं असेल की नाही कुणास ठाऊक.

हे असं का होऊ शकतं ते समजून घ्या. 1968 च्या केंद्रीय बंदूक कायद्यात ठासणीच्या बंदुका सहसा 'अँटिक' धरल्या जातात, मग त्या 1898 पर्यंत बनलेल्या असोत की काडतूस न चालणाऱ्या नव्या. त्यामुळे केंद्रीय कायद्याप्रमाणे त्या विकायला लायसन्सवाला दुकानदार लागत नाही, पार्श्वभूमीची तपासणी लागत नाही, फॉर्म लागत नाही. राज्यांचे नियम निराळे असतात, ते ज्याने त्याने बघावेत. मला ही सोय वाटली होती. आमच्या कुडाळच्या त्या साध्या बंदुकीमागे परवाना, नंबर आणि ठाण्यातली नोंदवही होती. इथे मी आठशे पन्नास डॉलर दिले आणि मागे एक ओळसुद्धा उरली नाही. माझ्या एका मित्राचे तर बंदूक न बघताच गेले. निम्म्याहून कमी किमतीत इनलाइन देणारी वेबसाइट, पैसे थेट बँकेतून पाठवा म्हणाली, आठवड्यात वेबसाइटच गायब.

म्हणून जो घेणार असेल त्याला हात जोडून सांगतो, स्वतःची लाकडी काठी घेऊन जा. विकणाऱ्याच्या गजावर विसंबू नका. काठी आत सोडा, तोंडाशी खूण करा, बाहेरून लावा, आणि ती कानापर्यंत पोचली नाही तर पुढे एक शब्द बोलू नका. रिकामी निघाली तर ग्रीस पुसून काढायला सांगा आणि घट्ट बसणारी पांढरी चिंधी तळापर्यंत घाला. ती तांबडी होऊन आली की समजा. मध्येच कुठे काठी ढिली पडली तर तिथे नळी फुगलेली आहे, गोळी दारूवर नीट न बसवता कुणीतरी बार काढला आहे. पीळही असाच मोजता येतो. काठीला खूण करून सावकाश ओढा, वळत येते ती दिसते. नळी रिकामी आहे याची खात्री पटल्यावर ठिणगी दहा वेळा बघा. गार झिजेल म्हणून जो थांबवतो त्याला विचारा की गार कितीची येते. घोडा अर्ध्यावर ओढून वरून अंगठ्याने दाबा, सुटला तर ठेवून द्या. आणि पूर्ण नाव, पत्ता, सही. ते न देणाऱ्याची बंदूक कितीही देखणी असली तरी.

तो हंगाम माझा गेला. या वर्षी त्याच म्हाताऱ्याने मला एक साधी, बिनपट्ट्यांची, जुनी रायफल बघून दिली. ती घेताना मी तिथेच त्याच्यासमोर गज बाहेरून लावून पाहिला. त्याला राग आला नाही, त्याने नळी धरून ठेवली.

ती दोन भोकांची गोळी माझ्या टेबलाच्या खणात आहे, कापलेला गजही आहे. ओळखीतलं कुणी बंदूक घ्यायला निघालं की आधी घरी चहाला बोलावतो आणि दोन्ही हातात देतो. गजाच्या कापावरून बोट फिरवलं की तंतू अजून टोचतात.