एअरब्रशचा ट्रिगर: वरचं बटण की पिस्तुलाचा घोडा?

एअरब्रशने, म्हणजे हवेच्या झोताने रंग फवारणाऱ्या साधनाने, बारीक रेघ ओढायला घेतली की सुरुवातीलाच टपोरा ठिपका पडतो आणि तासाभरात तर्जनी ठणकायला लागते. मग विचार येतो, वरच्या बटणाचा एअरब्रश सोडून पिस्तूल पद्धतीचा घ्यावा का? मी दोन्ही वापरते. माझ्या मते ठिपका आणि ठणका ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि पिस्तुलाने त्यातलं एकच नीट बरं होतं.

नेहमीच्या डबल-अ‍ॅक्शनमध्ये बटण खाली दाबलं की हवा सुटते, मागे ओढलं की नॉझलचं (रंग बाहेर पडतो ते टोक) तोंड अडवणारी सुई सरकून रंग येतो. पिस्तुलात एकाच ओढीत आधी हवा, मग रंग. हवा आधी आणि रंग नंतर हा क्रम तिथे आपोआप पाळला जातो. वरच्या बटणावर तो बोटाला शिकवावा लागतो. रेघ संपवताना सुई पुढे जाऊ न देता बोट एकदम उचललं, की रंग नॉझलच्या तोंडाशी साचतो आणि पुढच्या दाबाला थुंकतो. नवशिक्यांचे निम्मे ठिपके इथलेच.

इवाता कंपनीचा इक्लिप्स एचपी-सीएस वरच्या बटणाचा, निओ टीआरएन१ पिस्तुलाचा. नॉझल दोन्हींचं ०.३५ मिमी, त्यामुळे हे दोन शेजारी धरून पाहिले की फरक मुख्यतः पकडीचा जाणवतो. पिस्तुलात खाली दाबत राहण्याचं काम संपतं, ओढ दोन बोटांत वाटली जाते. मोठ्या भागावर तासन्‌तास एकसारखा थर द्यायचा असेल तर मी डोळे झाकून तोच उचलते. पण तो पेनासारखा धरता येत नाही. डोळ्याची बाहुली किंवा पापणीचे केस काढताना हात कामाच्या अगदी जवळ टेकवून बोटाचं फक्त टोक मागे कलवायचं असतं. तिथे माझ्या हाताला वरचं बटणच लागतं.

म्हणून तक्रार ठिपक्याची असेल तर नवा एअरब्रश घेण्याआधी हातातला उघडून बघा. मागचं हँडल काढा, सुईची नट सैल करा आणि सुई बोटांनी हलकेच मागेपुढे करा. ती लोण्यातून फिरल्यासारखी सरकली पाहिजे. किंचित अडून मग सुटत असेल तर दोष तिथेच आहे: बोट जोर लावतं, सुई हलत नाही, आणि हलते तेव्हा हवी त्याच्या दुप्पट मागे जाते. कारण बहुधा सुईवर वाळलेला रंग, किंवा आतलं पॅकिंग (सुईभोवतीचं सील) जास्त आवळलेलं. सुई पुसून तिच्यावर एअरब्रशच्या वंगणाचा नुसता हात फिरवा. सिलिकॉनचा स्प्रे मात्र नको, त्याने रंगाच्या थरात खड्डे पडतात.

त्यानंतर स्प्रिंग. बऱ्याच एअरब्रशमध्ये सुईच्या नटेपुढे स्प्रिंगचं आट्यांचं आवरण असतं. ते अर्धा फेरा सैल केलं तरी ट्रिगर इतका हलका होतो की पहिल्यांदा दचकायला होतं. फार सैल केलं तर सुई नॉझलमध्ये घट्ट बसत नाही, म्हणून नुसती हवा सोडून कागदावर रंग उमटत नाही ना हे तपासायचं. पैसा न लागणारा आणि सर्वांत जास्त गुण देणारा उपाय हाच.

नेहमीच्या बटणाऐवजी बसवायला उंच ट्रिगर मिळतो, त्यात गणित तरफेचं आहे. सुई तेवढीच सरकायला बोटाला जास्त अंतर जावं लागतं, म्हणून हालचाल बारीक वाटून देता येते आणि जोरही कमी लागतो. मात्र हात लहान असेल तर बोट सतत उचललेलं राहतं आणि ठणका उलट वाढतो. हँडलच्या टोकाचा मर्यादेचा स्क्रू बरेच जण थरथर थांबवण्यासाठी घेतात. तो फक्त सुई किती मागे जाईल ते अडवतो, रेघेच्या सुरुवातीला त्याचा उपयोग नाही. एकाच जाडीच्या खूप रेघा ओढायच्या असतील तर मात्र छान.

आता ठणका. बटण दाबताना बोट व्हॉल्व्हच्या स्प्रिंगशी आणि हवेच्या दाबाशीही झगडत असतं. रंग पातळ करून हवेचा दाब ३० पीएसआयवरून (दाबाचं एकक) १५ वर आणला तर तोच ट्रिगर मऊ लागतो. मनगट दुखत असेल तर होज, म्हणजे हवेची नळी बघा. विणीच्या कापडाचा जाड होज सतत खाली ओढतो. हलका पॉलियुरेथेनचा लावा, किंवा आहे त्याचाच एक वेढा हाताला घ्या म्हणजे वजन कोपराकडे जातं.

हे सगळं करूनही तर्जनीच दुखत राहिली तर पिस्तूल नक्की घ्या. दुखणं अंगठ्याच्या मुळाशी असेल तर थांबा, कारण पिस्तूल मुठीत धरावं लागतं आणि ताण तिथेही येतो. त्यामुळे घेण्याआधी पिस्तुलाला होज जोडून, कपात पाणी घालून दहा मिनिटं चालवून बघा. रात्रीचं दुखणं दुसऱ्या सकाळीही तसंच असेल तर आधी डॉक्टरांना हात दाखवा.