पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी: विश्लेषणाची कोणती पद्धत निवडावी?

ध्यानाच्या प्रशिक्षणाने विद्यार्थ्यांची चिंता कमी होते का, अशा स्वरूपाच्या संशोधनात प्रायोगिक आणि नियंत्रित गटांची पूर्वचाचणी व उत्तरचाचणी घेतली जाते, आणि गुण हाती आल्यावर विश्लेषणाच्या तीन पद्धती समोर असतात.

पहिली म्हणजे प्रत्येक गटासाठी स्वतंत्र युग्मित टी-चाचणी, म्हणजे त्याच विद्यार्थ्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या गुणांच्या सरासरीतील फरकाची चाचणी. प्रायोगिक गटात पी-मूल्य (प्रत्यक्षात फरक नसतानाही निदान इतका फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता; ती ०.०५ हून कमी असली की सहसा फरक ग्राह्य धरतात) ०.०३ आणि नियंत्रित गटात ०.०९ आले, म्हणून प्रशिक्षण परिणामकारक ठरले, असा निष्कर्ष काढताना दोन गटांची परस्परांशी तुलना झालेलीच नसते. मेंदूविज्ञानातील लेखांच्या २०११ सालच्या एका प्रसिद्ध पाहणीत, ही चूक होण्याला वाव असलेल्या १५७ लेखांपैकी ७९ लेखांत ती झालेली आढळली. ही पद्धत वापरूच नये.

खरी निवड उरते ती दोन गटांतील बदलगुणांची (उत्तरचाचणीच्या गुणांतून पूर्वचाचणीचे गुण वजा करून आलेल्या गुणांची) तुलना आणि सहप्रचरण विश्लेषण, म्हणजे अँकोव्हा, यांच्यात; अँकोव्हात पूर्वचाचणीच्या गुणांतील फरक हिशेबात धरून उत्तरचाचणीच्या गुणांची तुलना करतात. गटवाटणी यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, असेल तर अँकोव्हा निःसंशय सरस आहे. दोन्ही चाचण्यांचे प्रचरण (गुणांच्या विखुरलेपणाचे माप; ते जितके कमी, तितकी तुलना अचूक) सारखे आणि त्यांच्यातील सहसंबंध ०.३ असेल, तर बदलगुणांचे प्रचरण उत्तरचाचणीच्या १.४ पट होते, म्हणजे पूर्वचाचणी घेऊन उलट तोटाच होतो. अँकोव्हात मात्र ते ०.९१ पट राहते. सहसंबंध ०.७ असला तर हे आकडे अनुक्रमे ०.६ आणि ०.५१ होतात. निवड मात्र आकडे पाहण्यापूर्वीच लेखी नोंदवावी, कारण दोन्ही पद्धती चालवून सोयीचे पी-मूल्य उचलल्यास त्या मूल्याला अर्थच उरत नाही.

महाविद्यालयातील दोन तयार तुकड्याच गट म्हणून घेतल्या असतील, तर प्रश्न अवघड होतो. मानसमापनतज्ज्ञ फ्रेडरिक लॉर्ड यांनी १९६७ मध्ये दाखवले की विद्यार्थी-विद्यार्थिनींच्या वजनाच्या त्याच आकड्यांवरून बदलगुण 'फरक नाही' असे सांगतात, तर अँकोव्हा 'फरक आहे' असे सांगते. बदलगुणांमागे असे गृहीत असते की प्रशिक्षण नसते तर दोन्ही तुकड्या सारख्याच प्रमाणात बदलल्या असत्या. अँकोव्हामागे असे, की पूर्वचाचणीचे गुण सारखे असलेले विद्यार्थी, कोणत्याही तुकडीतले असले तरी, तुलनेला योग्य आहेत. पूर्वचाचणी फारशी विश्वसनीय नसेल तर हे दुसरे गृहीतक डळमळते, म्हणून अशा वेळी मी बदलगुणांकडे झुकेन. परंतु ठरावीक गुणांच्या वर असलेल्यांनाच प्रशिक्षण दिले असेल, तर टोकाचे गुण पुढच्या मोजणीत आपोआप सरासरीकडे सरकतात आणि बदलगुण फसवतात. तेथे अँकोव्हाच वापरावी.